आत किती?

ग्रंथालयाच्या दारावर माणसं मोजायचं यंत्र बसलं, तेव्हा मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या घातल्या. सव्वीस वर्षं वाचनकक्ष मी नजरेनंच मोजत आले होते. पण साहेबांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, शनिवारपर्यंत शिका. नाहीतर दाराजवळचं टेबल दुसऱ्याला, आणि तुम्ही तळघरात, जुन्या फायलींजवळ." त्या टेबलावर माझा जीव होता.

काम तसं सोपं. कुणी आत गेलं की आकडा एकनं वाढतो, बाहेर आलं की घटतो. सहा वाजता सगळ्यांत शेवटी मी बाहेर यायचं. दाराच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांवर शून्य दिसलं की कुलूप आपोआप लागतं.

सोमवारी मी बाहेर आले आणि आकडा एकवर अडला.

कपाटांच्या रांगा, कोपरे, बाथरूम, सगळं पाहिलं. कुणी नव्हतं. शिपाईमामा हसले, "नाचता येईना, अंगण वाकडे!" मला ते चांगलंच झोंबलं. मंगळवारी माहितीपुस्तिका दोनदा वाचली, यंत्र बंद करून चालू केलं, त्याची काच पुसली. तरी एकच. बुधवारी कंपनीत फोन लावला.

"मॅडम, यंत्र बरोबर आहे," पलीकडचा माणूस म्हणाला. "आत कुणीतरी असेल."

गुरुवारी शोधताना खिडकीजवळच्या खुर्चीला हात लागला. ती उबदार होती. उन्हामुळे असेल, मी स्वतःला बजावलं. आभाळ मात्र सकाळपासून भरलेलं होतं. शुक्रवारीही तेच.

शनिवारी म्हटलं, आता एक तर मी नाहीतर हे यंत्र. सगळे गेल्यावर आतल्या पडद्यावर दोन होते, त्यातली एक मी. रेंगाळणाऱ्या वाचकाला उठवते तशी मी त्या खुर्चीपाशी गेले आणि वरचा दिवा मालवला.

"वेळ झाली. चला, उठा."

पुस्तक मिटल्याचा आवाज आला.

मी दाराकडे पाहिलं. दोनाचा एक झाला. इतका आनंद झाला, की घाबरायचं राहूनच गेलं.

मग एकाचं शून्य झालं.

कुलूप खटकन लागलं.

मी दार बडवलं, हाका मारल्या. काचेपलीकडे, हातभर अंतरावर शिपाईमामा उभे होते. त्यांनी शून्य पाहिलं आणि शेजारी वळून हसले. तिथे मला कुणीच दिसत नव्हतं.

"जमलं की हो बाई तुम्हाला!" ते म्हणाले.