माणूस दिसता कामा नये

खोटं वाटलं तर दोष माझ्या सांगण्याला द्या. घडलं ते घडलंच.

जानेवारीतला मंगळवार. रात्र नव्हती, दुपारचे अडीच वाजले होते. यायची वेळ चुकली असेल तर ती त्याची, माझी नाही.

जागा... तिवावान शहराच्या पुढचं एक बंद पडलेलं रेल्वे स्टेशन.

मी अलासान जॉप. सरकारी नोंदीसाठी जुन्या इमारतींचे फोटो काढतो; नोंद झालेली इमारत पाडत नाहीत. त्या स्टेशनावर ही माझी पाचवी फेरी. पाठ गेली होती, झोप गेली होती. बसवाला आता माझ्या बायकोची खुशाली विचारायचा.

पाच वाजेपर्यंत फोटो पोचला नाही, तर बुधवारी सकाळी स्टेशन पाडणार होते. त्याच्या व्हरांड्यातली कुंबा मावशीची चहाची टपरीसुद्धा.

नियम दोनच. मापाची लाल-पांढरी काठी फलाटावर सरळ उभी हवी. आणि फोटोत माणूस दिसता कामा नये.

काठी धरायची कोणी, हे नियमात नव्हतं.

मागच्या वेळी दगडांच्या आधाराने उभी केली. कार्यालयातल्या फाये मॅडमनी फोटो परत पाठवला. "दगड ऐतिहासिक नाहीत."

त्या दिवशी धुळीचा वारा सुटला होता. काठी तीनदा पडली. चौथ्यांदा मीच खाली बसलो.

तेवढ्यात मागून आवाज आला...

"जॉप दिसतोस. काठीसुद्धा तुझं ऐकत नाही."

म्हातारा. अंगात रेल्वेचा जुना खाकी कोट.

"तू न्जाय," मी म्हटलं. "भाताचा वास आला तेव्हाच ओळखलं."

आमच्याकडे न्जाय आणि जॉप भेटले की असंच चालतं. आडनावंच एकमेकांची चुलत. खादाड म्हणायचं, गुलाम म्हणायचं, राग मानायचा नाही. आणि एकाने काम सांगितलं की दुसऱ्याने नाही म्हणायचं नाही.

"चल गुलामा, धर ही काठी. मी सांगेपर्यंत सोडायची नाही."

"हुकूम, मालक." तो हसला आणि काठी धरून उभा राहिला.

माणूस फोटोत येणार, हे कळत होतं. पण काठी तरी सरळ येईल. मॅडमना एकच चूक काढावी लागेल.

कॅमेऱ्याला काळी काच लावली. म्हणजे एकच फोटो चार मिनिटं निघत राहतो. एवढ्या वेळात ये-जा करणारा पुसला जातो. स्थिर उभा राहील तोच उमटतो.

तो स्थिर उभा होता.

फारच स्थिर...

वाऱ्याने माझी टोपी नेली. त्याच्या कोटाचं टोकही हललं नाही.

मग फलाटाखालून घरघर ऐकू आली... लांबून गाडी येताना रुळांतून येते, तशी.

रूळ सहा वर्षांपूर्वीच उचलून नेलेत.

चार मिनिटं संपली. पडद्यावर बघितलं. फलाट. भिंत. आखल्यासारखी सरळ काठी.

माणूस नाही.

मान वर केली. फलाटावरही नाही.

काठी मात्र... तशीच उभी.

कॅमेरा उचलला आणि निघालो. पळालो असतो, पण पाचव्या फेरीला पळवत नाही.

टपरीवर मावशी भांडी विसळत होती. "कोणाला गुलाम म्हणत होतास रे मघापासून?"

"त्या न्जायला. म्हातारा, खाकी कोटवाला."

"इथे मी आणि बोकड, दोघंच. बोकडाने मला अजून आडनाव सांगितलेलं नाही."

पाच वाजायला वीस मिनिटं असताना फोटो पाठवला. लगेच मॅडमचा फोन. "अखेर! काठी उभी कशी केलीत हो?"

"ओळख निघाली," मी म्हटलं.

स्टेशन वाचलं. टपरी वाचली. मी दोन दिवस झोपलो.

गुरुवारी आठवलं, काठी तिथेच राहिली. मावशीला फोन लावला.

"आहे की," ती म्हणाली. "बोकड बांधलाय मी तिला. काल सकाळपासून ओढतोय मेला, हलत नाही."

"मावशी... तू ओढून बघितलीस?"

"मी बघितली, गावातल्या चौघांनी बघितली. आता तूच ये आणि ने बाबा."

सहा महिने झाले. दोनदा तिवावानपर्यंत गेलो आणि तिथूनच परत फिरलो. करायचं तर काहीच नाही. समोर उभं राहून 'सोड' म्हणायचं. जॉपचा शब्द आहे, लगेच ऐकेल.

पण काठी सोडली की त्याचे दोन्ही हात मोकळे होतील...