राखीव कोपऱ्यातली वीट

"अगं खरवड, कुरवाळू नकोस!" वकील दारातून ओरडला.

"मग तूच ये ना आत! नुसता उंबऱ्यावर बसून युक्तिवाद करतोस!" भिंगरीने हातातली पत्र्याची पट्टी जमिनीवर दाणकन आपटली. क्रीडा मंडळाच्या कपडे बदलायच्या खोलीतली धूळ आधी तिच्या नाकात गेली आणि मग तिचा धाकटा भाऊ शेपूट याच्या. दोघं एकदमच शिंकली.

भिंगरी एका जागी ठरत नसे म्हणून भिंगरी. शेपूट तिच्यामागून हलत नसे म्हणून शेपूट. आणि शेजारचा वकील? त्याने एकदा गृहपाठ न करण्याच्या बाजूने इतके मुद्दे मांडले होते, की बाई स्वतःच वर्गाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या होत्या.

सुट्टीत ही तिघं जमीन घासायला आपणहून आली, तेव्हा मंडळाचे चिटणीसकाका चकित झाले होते. पण मोठ्या माणसांना फुकटचं काम मिळालं की ती कारण विचारत नाहीत. काकांनी लगेच झाडू दिला आणि मुलांचं मन बदलायच्या आत ते कार्यालयात जाऊन बसले.

कारण मात्र त्यांच्याच भिंतीवर टांगलेलं होतं.

मंडळाला शंभर वर्षं होत होती. परवा समारंभ. त्यानिमित्त ह्याच खोलीत 'आपल्या खेळांच्या विसरलेल्या गोष्टी' नावाचं प्रदर्शन होतं. खोली हीच का? तर मंडळाकडे दुसरी खोली म्हणजे कार्यालय, आणि तिथे एका वेळी एकटे चिटणीसकाकाच मावत. पाट्या लागल्यासुद्धा होत्या. पहिल्या रस्सीखेचीत एका गटाने आपलं टोक गुपचूप झाडाला बांधलं; बक्षीस झाडाला देण्यात आलं. पहिल्या फुटबॉल सामन्यात चेंडू फुटला म्हणून भोपळा घेतला. तो फुटून एकेक तुकडा दोन्ही गोलांत गेला आणि सामना बरोबरीत सुटला. इथपर्यंत भिंगरी पोट धरून हसली होती.

मग तिसरी पाटी आली. 'लबाड धावपटू! पहिल्या मोठ्या शर्यतीत हा गडी वीटभट्टीपर्यंत गेलाच नाही. चोरवाटेने परतला आणि म्हणाला, मी पहिला!' खाली चोरपावलांनी चालणाऱ्या माणसाचं चित्र.

तो गडी म्हणजे भिंगरीचे पणजोबा. तेव्हापासून गाव त्यांच्या घराला 'चोरवाटे' म्हणे. भिंगरी शाळेत शर्यत जिंकली, की कोणीतरी हमखास विचारी, "कुठल्या बोळातून आलीस गं, चोरवाटे?" आणि परवा ते सगळ्यांसमोर, पाहुण्यांच्या साक्षीने पक्कं होणार होतं.

तिने घरी जाऊन आजोबांना धारेवर धरलं होतं. आजोबांनी कपबशी बाजूला सारली आणि सांगितलं. शर्यत भट्टीपर्यंत जाऊन परत यायची होती. भट्टीवर एक पंच प्रत्येकाला बोटात बसेल अशी पितळी कडी देणार. कडी असेल तोच खरा. "बाबा तिथे पोहोचले तेव्हा पंचच नव्हता! शर्यतीत थांबायचं कसं? बाहेर ओल्या विटा वाळत होत्या. त्यांनी छातीवरचा पत्र्याचा बिल्ला काढला, एका विटेवर दाबला आणि धावत सुटले. नंतर पंच म्हणाला, हा गडी मला दिसलाच नाही. बाबा म्हणाले, चला, ठसा दाखवतो. मंडळ म्हणालं, उद्या बघू. त्यांचा उद्या उजाडेपर्यंत विटा भाजून, विकून मोकळ्या!"

"विकल्या कोणाला?"

"मंडळालाच. त्यांची ती खोली त्याच वर्षी बांधली ना. बाबांनी शपथच घेतली, त्या दारात पुन्हा पाय ठेवला नाही. मीही नाही."

आणि आजोबांनी कपाटातून तो बिल्ला काढून तिच्या हातात ठेवला होता. उठावदार एक्केचाळीस आकडा, आणि एक कोपरा दुमडलेला.

म्हणून ही खरवडाखरवड! जमीन विटांचीच होती, पण मधल्या विटा पायांनी झिजून गुळगुळीत झालेल्या. ठसा असलाच, तर जिथे कोणाचा पाय पडत नाही तिथे. भिंगरी कोपऱ्यातल्या लाकडी बाकाखाली आडवी होऊन शिरली. मळाचा थर चांगलाच जाड होता. पट्टी वाकली, बोटं सोलली.

"ताई, राहू दे. उद्या तर गवंडीकाका सगळीकडे फरश्या बसवणारेत," शेपूट म्हणाला.

"म्हणूनच आज!" बाकाखालून आवाज आला. मग एकदम शांतता. मग, "वकिला! पाणी आण! पळ!"

पाणी ओतलं, फडक्याने पुसलं. विटेवर उलटा आकडा होता. आरशात दिसावा तसा एक्केचाळीस! भिंगरीने श्वास रोखून बिल्ला त्यावर ठेवला. टक्! दुमडलेल्या कोपऱ्यासकट बसला.

"जिंकलो!" शेपूट नाचायला लागला.

"थांब. विरोधी पक्ष म्हणेल, शर्यतीनंतर जाऊन दाबला," वकील गंभीरपणे म्हणाला. तोही आता पोटावर आडवा झाला होता. "पण हे बघ काय आहे? आकड्यावरून काहीतरी गेलंय. एक्क्याचं टोक चेपलंय. ही रेघ... चाकाची! आणि रेघेत हा चौकोन कसला?"

तिघांनी एकदमच मान वळवली. समोर भिंतीला टेकून प्रदर्शनाचा मानबिंदू उभा होता: संस्थापकांची, म्हणजे चिटणीसकाकांच्या आजोबांची सायकल. मागच्या चाकाला चामडी पट्टा गुंडाळलेला आणि त्याला चौकोनी बक्कल. वर पाटी: 'शर्यतीच्या दिवशी वाटेत टायर फुटला, तरी संस्थापकांनी कमरेचा पट्टा बांधून भट्टीवरची पंचगिरी पार पाडली!'

"म्हणजे पंच ते होते," भिंगरी सावकाश म्हणाली. "पोहोचले खरे. पण कधी, ते कोणी विचारलंच नाही!"

ती तडक कार्यालयात गेली. "काका, पुरावा सापडलाय! या ना बघायला!"

काका हारांचा हिशोब करत होते. त्यांनी मान वर केली नाही. "कसला पुरावा?"

"माझे पणजोबा लबाड नव्हते त्याचा!"

"अगं, जुनी गंमत आहे ती. लोक हसतात. उद्या बघू."

"उद्या त्यावर फरशी बसेल!"

"मग परवा बघू!"

भिंगरीने दात-ओठ खाल्ले. उद्या बघण्याचा रोग त्या घराण्यात पिढीजात होता. तिने वळून वकिलाकडे पाहिलं. वकील दाराशी ठेवलेल्या सामानाकडे पाहत होता. त्यात समारंभासाठी रंगवलेली एक पाटी होती: 'पाहुण्यांसाठी राखीव'.

"मोठी माणसं पुरावा वाचत नाहीत," वकील म्हणाला. "पाटी मात्र वाचतात."

दुसऱ्या दिवशी गवंडी आला, तेव्हा बाक सरकवलेलं होतं आणि कोपऱ्यात चटईवर ती पाटी ठाण मांडून उभी होती. त्याने डोकं खाजवलं. "ही जागा सोडायची का रे?"

"पाटीवर काय लिहिलंय?" वकिलाने आदराने विचारलं.

"राखीव. मग राखीव म्हणजे राखीव! उगाच नसती भानगड कोण ओढवून घेईल?" आणि त्याने सगळ्या खोलीत फरशी बसवली, तेवढा कोपरा सोडून.

चिटणीसकाकांनी पाटी पाहिली. त्यांना वाटलं, अध्यक्षांनी ठेवली असणार. अध्यक्षांना वाटलं, चिटणीसांनी. एकमेकांना विचारलं तर आपल्याला माहीत नव्हतं हे उघड होईल, म्हणून दोघंही गप्प राहिले. संध्याकाळी एकाने तिथे गालिचा आणवला. दुसऱ्याने मागे राहायला नको म्हणून मखमली खुर्ची ठेवली. शेपटाने चोख पहारा दिला. तो फक्त खुर्चीवर झोपून दिला, एवढंच.

समारंभाची प्रमुख पाहुणी एकेकाळची नामवंत धावपटू होती. पांढरे केस, पण चाल अशी की हार घेऊन मागून येणाऱ्या अध्यक्षांना धाप लागली. "या, या, आपली जागा!" काकांनी तिला थेट कोपऱ्यात नेलं.

"मला कोपऱ्यात उभं करताय?" तिने भुवया उंचावल्या. "शाळा सुटल्यापासून हा मान मिळाला नव्हता!"

काका अध्यक्षांकडे बघू लागले. अध्यक्ष छताकडे.

तेवढ्यात भिंगरी पुढे आली. तिने खुर्ची सरकवली आणि एका झटक्यात गालिचा ओढला. "ही जागा तुमच्यासाठीच राखलीय, बाई. शर्यत काय असते ते इथे तुम्हालाच कळेल!"

"ए पोरी!" काका गरजले.

"बोलू द्या तिला," पाहुणी म्हणाली आणि सरळ गुडघ्यांवर बसली.

भिंगरीने सगळं सांगितलं. बिल्ला ठशात बसवून दाखवला. वकिलाने सायकल आणली आणि मागचं चाक विटेवर टेकवलं. बक्कल बरोब्बर त्या चौकोनी खळग्यात उतरलं. गर्दीतून "अरेच्चा!" उमटलं.

"चाक आधी गेलं असतं, तर त्याच्या रेघेवर आकडा उमटला असता," वकील म्हणाला. "इथे आकडा चेपून चाक गेलंय. म्हणजे धावणारा आधी आला. पंच नंतर!"

पाहुणीने विटेवरून बोट फिरवलं. "ओल्या विटा तुडवत सायकल घालणारा माणूस भलत्या घाईत असतो," ती म्हणाली. "चिटणीस, तुमचे आजोबा खोटं बोलले नसतील. ते आले तेव्हा तिथे कोणी नव्हतंच. कारण हा गडी येऊन गेला होता! पंचाच्याही आधी पोहोचणारा धावपटू मी जन्मात पाहिला नाही." तिने भिंगरीच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं. "आणि पुरावा हातचा जाऊ न देणारी मुलगीसुद्धा. शाब्बास!"

चिटणीसकाकांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा, आणि शेवटी माणसासारखा. त्यांनी तिसरी पाटी स्वतः उतरवली. मग काचेचं कपाट उघडून आतली, त्या शर्यतीत उरलेली एकुलती एक पितळी कडी काढली. "चल पोरी, कुठे आहेत तुझे आजोबा?"

आजोबा दाराबाहेर उभे होते. शपथ शपथच होती. उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. काका उंबरा ओलांडून बाहेर गेले आणि दोन्ही हातांनी कडी पुढे केली.

"माफ करा. पोहोचायला फार उशीर झाला."

आजोबांनी कडी हातात घेतली. उन्हात धरून न्याहाळली आणि नातीच्या बोटात घातली.

"तुम्हाला झाला," ते शांतपणे म्हणाले. "आमचे बाबा वेळेच्या आधीच आले होते."

आणि मग त्यांनी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.