दोन डाळी, एक भात

दुकानाच्या अगदी मागच्या कोपऱ्यात, जिथली ट्यूबलाइट सारखी डोळे मिचकावायची, तिथे तयार जेवणाचं थंड कपाट होतं. दर गुरुवारी संध्याकाळी सातच्या सुमाराला ती तिथे यायची, कारण गुरुवारी ही पाकिटं निम्म्या किमतीत मिळायची. त्या दिवशी सकाळपासून पावसाची रिपरिप चालू होती. छत्री ठिबकत होती, पाय ओले झाले होते, आणि डाळीचं एकच पाकीट उरलं होतं... तेही एका माणसाच्या हाताखाली.

तो ते घेऊन चालला नव्हता. आजारी मुलाचं कपाळ बघावं तसा त्याच्यावर हात ठेवून उभा होता.

“घेणार आहात का?” तिने विचारलं.

“नाही. भेटायला आलोय.”

“डाळीला?”

“आमच्याच कारखान्यात होते ही. मी चव बघतो तिथे.” तो जरा ओशाळला. “खपत नाही म्हणतात. म्हटलं, निदान घेतं कोण ते तरी बघावं.”

“मी घेते.”

“का?”

हे त्याने इतक्या मनापासून विचारलं की ती हसायच्या बेतात आली. पण हसली नाही. सवय मोडली होती.

“का म्हणजे? एवढी वाईट आहे का?”

“किंचित लागलेली असते. भांडं मोठं आहे ना, तळाला धरते. मी तीनदा लिहून दिलं वर.”

“मला तशीच हवी,” ती म्हणाली, आणि तिने हात पुढे केला.

पाकीट देताना त्याचं लक्ष तिच्या नखांकडे गेलं. “पीठ लागलंय तुमच्या हाताला.”

“पीठ नाही, प्लास्टर. मी कवळ्या बनवते.”

“अरे वा. म्हणजे मी शिजवणार आणि तुम्ही चावायची सोय करणार.”

ती पाकीट घेऊन गल्ल्याकडे वळली. घरी पोचेपर्यंत तीन चांगली उत्तरं सुचली, आणि तिन्ही वाया गेली.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा तिथेच होता. त्याच्या पुढच्याही. तिने मनातल्या मनात त्याचं नाव चवबघ्या ठेवलं. आठवड्याची पाकिटं भरताना दोन डाळींमागे एक भात असा तिचा हिशेब असायचा, म्हणून त्याने तिचं नाव उघडच ठेवलं... दोन डाळी, एक भात. “या, दोन डाळी एक भात,” तो म्हणायचा, “आज उशीर केलात. मला वाटलं, स्वयंपाक करायला लागलात की काय.”

“तुमच्या पोटावर पाय कशाला देऊ?”

“माझ्या पोटात दिवसाला वीस चमचे जातात. घरी गेलो की कोरडा पाव खातो. ज्याला चव नाही असं काहीतरी बरं वाटतं.”

“एकटेच असता?”

“हो. म्हणजे... अजून तरी.”

तिने कपाटाचं दार उगाचच पुन्हा उघडलं. थंड हवा चेहऱ्यावर आली, ते बरंच झालं.

घरी मात्र या गमतीतलं काही पोचत नसे. आई जाऊन आठ महिने झाले होते. बाबांचा जन्म जमिनी मोजण्याच्या नोकरीत गेला. कुणाचा बांध कुठून कुठे जातो ते त्यांना अजून तोंडपाठ होतं, पण आजचा वार सांगता येत नव्हता. विसरायला आधीपासूनच लागले होते, आणि आई गेल्यावर नेमकं तेवढंच विसरले. ती बाहेर गेली आहे, येईल, असं धरून बसायचे, आणि तिच्यावाचून जेवायचे नाहीत. शेजारच्या मावशींनी करून आणलेलं तसंच ताटात वाळायचं. हाडं दिसायला लागली होती.

मग एका संध्याकाळी, अंगात त्राण नव्हतं म्हणून तिने हे पाकीट गरम करून आईच्या पातेल्यात ओतलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि मान वर केली. “आली वाटतं,” ते म्हणाले, आणि वाटी पुसून जेवले.

आई डाळ गॅसवर ठेवून वाचत बसायची. आठवड्यातून दोनदा तरी ती लागायचीच.

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी नळ मोठा सोडून, कात्रीचा आवाज लपवत, पाकीट कापायची. रिकामं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून डब्यात खाली दडपायची. “आई कुठंय?” विचारलं की म्हणायची, “आत आहे, दमलीय. तुम्ही जेवून घ्या.” बाबा जेवायचे. तिला स्वतःला घास उतरायचा नाही.

हे सगळं तिने चवबघ्याला सांगितलं ते दुकानाबाहेरच्या बाकावर, छपरावर पाऊस वाजत असताना. तो हसला नाही, वाईट वाटलं असंही म्हणाला नाही. छत्री मिटून त्याने बाकाला टेकवली.

“एक सांगायचं होतं,” तो म्हणाला. “तीन गुरुवार टाळतोय. ही डाळ बंद होतेय. महिनाअखेर.”

तिच्या हातातली पिशवी मांडीवरून घसरली.

“घरी करता येईल,” तो घाईघाईने म्हणाला. “कृती माझ्या डोक्यात आहे. तुम्ही — तू म्हणालीस तर येऊन शिकवतो.”

त्याने तुम्हीचं तू केलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं, आणि दोघांनीही तसं दाखवलं नाही.

रविवारी दुपारी तो आला. बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीशी पेंगत होते. स्वयंपाकघर एवढंसं. डब्यापाशी हात नेला की दुसऱ्याचा दंड लागायचा. त्याने डाळ धुतली, फोडणी केली, आणि तिने आच कमी करायला हात नेला तेव्हा त्याने तिचं मनगट धरलं.

“राहू दे. लागू दे जरा.”

“किती?”

“नाकाला कळेल.” मनगट त्याने लगेच सोडलं नाही. तिनेही सोडवून घेतलं नाही. डाळ रटरटत होती. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्या खोलीत तिला श्वास पुरता घेता आला.

मग तो वास उठला. खरपूस, जरासा करपलेला. पाकिटाला असा वास कधीच नव्हता. पाकीट गरम व्हायचं, शिजायचं नाही. हा वास घरभर गेला, दुपारच्या वाचनाचा, आईचा. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

बाबा दारात उभे होते. केस पिंजारलेले, चेहरा असा उजळलेला की तिला बघवेना. ते तिच्याकडे बघतच नव्हते. तिच्या मागे बघत होते. तिथे हातात डाव घेतलेला एक परका माणूस होता.

“ती कुठंय?” बाबांनी विचारलं.

“दमलीय, बाबा, आत—” तिने सुरू केलं, पण बाबांनी प्रश्न त्यालाच केला होता. “ती कुठंय? डाळ कुणी लावली?”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग गॅस बंद केला.

“त्या नाहीत, काका,” तो हळू आवाजात म्हणाला. “डाळ मी केली.”

बाबा चौकटीला धरून खाली बसले. आवाज न करता रडले, आज बातमी कळल्यासारखे. त्याने पेला भरून त्यांच्या हातात दिला, त्यांच्याजवळ गुडघ्यांवर बसला. ती मात्र ओट्याशीच उभी होती.

“कुणी सांगितलं होतं तुला?” ती म्हणाली. “आठ महिने मी हे सांभाळलं. तुझं काय गेलं असतं एक वाक्य खोटं बोलायला?”

“त्यांनी मला विचारलं...”

“जा तू.”

तो गेला. जाताना ओट्यावरची कात्री, डाव, वाट्या, सगळं धुऊन जागेवर ठेवून गेला. त्याचाही तिला राग आला.

पुढचे कितीतरी गुरुवार ती दुकानाकडे फिरकली नाही. बाबा दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आईचा फोटो मागितला. तो तिने कपाटात लपवला होता. फोटो मांडीवर घेऊन ते बोलायला लागले. आई लग्नात कशी रुसली होती, भांडणात कशी दारं आपटायची. विसरायचे, पुन्हा विचारायचे, आणि आता ती खरं सांगायची. प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, पण प्रत्येक वेळी थोडं कमी. मावशींनी आणलेलं ते जेवायला लागले. आणि एका संध्याकाळी, पहिल्यांदा, बापलेक दोघं मिळून रडले. आईसाठी ती अजून रडलीच नव्हती, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं.

“तो नाही आला परत?” बाबांनी एकदा भाताचा घास कालवता कालवता विचारलं.

“कोण?”

“डाळवाला. ज्याने पाणी दिलं मला.”

कालचं ज्यांना आठवत नव्हतं, त्यांना तो आठवत होता.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून थेट कारखान्याच्या फाटकाशी गेली. सुट्टी झाली, माणसं डोक्याच्या टोप्या काढत बाहेर पडली. तो शेवटी आला. तिला बघून थबकला.

“बाबा विचारत होते,” ती म्हणाली.

“कसे आहेत?”

“बरे आहेत. तुझ्यामुळे. आणि मी तुला जा म्हटलं.”

“मीच नको तिथे बोललो,” तो म्हणाला. “रोज वाटायचं, यावं. मग वाटायचं, कुठल्या तोंडाने.” मग खाली बघून म्हणाला, “इथलं काम संपलं माझं. दुसऱ्या गावातल्या कारखान्यात लावलंय. रविवारी निघतोय.”

तिला वाटलं होतं, फार तर तो रागावलेला असेल. हे तिने धरलंच नव्हतं.

रविवारी ती बाबांना घेऊन बसथांब्यावर गेली. आभाळ दाटलेलं होतं, पण पडत नव्हतं. त्याने बाबांना वाकून नमस्कार केला, पिशवी बसमध्ये ठेवली, पुन्हा खाली उतरला.

“मला तू आवडतेस,” तो म्हणाला. “सांगायचं राहून गेलं होतं.”

“बस सुटताना सांगतोयस?”

“आधी धीर झाला नाही.”

ती हसली, आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदमच. “मलाही तू... पण मी बाबांना सोडून येऊ शकत नाही. कधी येईन तेही सांगता येत नाही.”

“मी ये म्हटलंच नाही. मी येईन. महिन्याला एकदा तरी. चालेल?”

“चालेल,” ती म्हणाली. कंडक्टरने बेल दिली, तो चढला आणि खिडकीतून त्याने हात बाहेर काढला. तिने त्याचा हात सोडला तो बस हलल्यावरच.

बस वळणाआड गेली, तरी ती बघत राहिली. बाबांनी तिची बाही ओढली.

“काय म्हणत होता गं तो?”

तिने सगळं सांगितलं. काही वगळलं नाही, काही गोड केलं नाही.

“आणि तू काय म्हणालीस?”

“हो म्हणाले.”

बाबा तिचा हात धरून चालू लागले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाले, “तुझी आई असती तर खूश झाली असती.”

असती, म्हणाले. तिने त्यांचा हात घट्ट धरला.

“हो, बाबा. झाली असती.”