मुद्दाम घातलेल्या चुका

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली, तेव्हा आत दोघंच होते. एक ती आणि दुसरा एक उंच, विस्कटलेल्या केसांचा तरुण. तो फोनवर मोठमोठ्याने बोलत होता.

"अरे, त्या बाईंच्या पद्धतीचं काय एवढं घेऊन बसलायस! महिन्याभरात फोडतो की नाही, बघच."

तो फोन ठेवेपर्यंत ती थांबली.

"फोडा की," ती शांतपणे म्हणाली.

"तुम्ही...?"

"त्या बाई."

लिफ्ट सुरू झाली, पण त्याचा चेहरा मात्र तिथेच अडकून राहिला.

ती गणितज्ञ होती. वाटेत बिघडलेला निरोप पुन्हा दुरुस्त कसा करायचा, हा तिच्या अभ्यासाचा विषय. त्यातूनच तिने निरोप लपवण्याची एक पद्धत उभी केली होती. निरोपात मुद्दाम चुका घालायच्या. ज्याच्याकडे गुप्त किल्ली, त्यालाच त्या काढता येणार, बाकीच्यांनी नुसतं डोकं खाजवत बसायचं. आईला तिने हे समजावलं, तेव्हा आई म्हणाली होती, "चुका करायचा पगार देतात तुला? आमच्या वेळी मार्क कापायचे गं!"

आता रुग्णालयांतल्या नोंदी सुरक्षित ठेवायला ही पद्धत घ्यायचं चाललं होतं. घेण्याआधी ती फोडून पाहायला एका समितीने ज्याला नेमलं, तो हाच लिफ्टमधला तरुण.

महिना उलटला. रोज दुपारी तो कॅन्टीनमध्ये चहा घेऊन तिच्या समोर बसू लागला.

"काय, फुटली?"

"टवकासुद्धा उडाला नाही. पण कुठेतरी फट असणारच."

"माझ्यात की पद्धतीत?"

"तूर्त पद्धतीत शोधतोय..." तो कपात बघत म्हणाला. "दुसरीकडे शोधायची परवानगी अजून मागितली नाही."

ती हसली नाही. पण त्या दिवशी तिने चहात साखर दोनदा घातली आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

मग एका दुपारी तो न हसताच तिच्या खोलीत आला. खडू उचलून फळ्यावर लिहू लागला. तिसऱ्या ओळीलाच तिला कळलं. किल्ली आटोपशीर व्हावी म्हणून तिने आकड्यांची जी ठरावीक ठेवण वापरली होती, तिच्यातूनच आतलं गुपित डोकावत होतं. इतक्या वर्षांचं काम... ती खुर्चीत बसली.

"कुणाला सांगितलंस?" 'तुम्ही' कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"कुणालाच नाही. पुढच्या आठवड्यात परिषदेत तुझं भाषण आहे. ते होऊ दे... अहवाल मी नंतर देतो."

"दया करतोयस?"

"दया नाही गं. मला — मला तुला हरताना बघवणार नाही."

ती ताडकन उठली. "मग मला तू ओळखलंच नाहीस. अहवाल आजच दे. माझी चूक मी माझ्या तोंडाने सांगेन."

आणि तिने सांगितली. परिषदेच्या भरल्या सभागृहात, मान ताठ ठेवून. "माझ्या पद्धतीत फट निघाली. ती ज्याने शोधली, तो तिसऱ्या रांगेत बसलाय. त्याचे आभार." मग तिने नवी रचना मांडली. किल्ली चांगलीच लांबडी झाली होती, पण ती ठेवण मुळासकट काढून टाकलेली होती. तिचे म्हातारे गुरुजी टाळ्या वाजवत उभे राहिले. तिसऱ्या रांगेतला मात्र टाळ्या वाजवायचंच विसरला, नुसता तिच्याकडे बघत राहिला.

नवी रचना फोडून पाहायचं कामही समितीने त्यालाच दिलं. त्यानंतर तो कॅन्टीनमध्ये येईनासा झाला. दिसला तर मान हलवायचा आणि पुढे जायचा. तिला राग आला. नंतर रागापेक्षा जास्त काहीतरी होऊ लागलं.

वर्षभराने समितीची बैठक भरली. तो उभा राहिला. "जे जे सुचलं ते सगळं करून पाहिलं. इतरांनाही करायला लावलं. पद्धत फुटली नाही." पद्धत मंजूर झाली.

बाहेर व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. "वर्षभर तोंड का चुकवत होतास?"

"मी तुझा परीक्षक होतो. उद्या कुणी म्हणालं असतं, तिच्यासाठी हात आखडता घेतला... तुझ्या कामावर कुणी बोट ठेवलेलं मला चाललं नसतं." त्याने श्वास घेतला. "आज सही करून मोकळा झालो. आता विचारतो. लग्न करशील माझ्याशी?"

"फुटली नाही म्हणून विचारतोयस?"

"फुटली असती तरी विचारलं असतं."

तिचे डोळे भरून आले, पण मान अजूनही तशीच ताठ होती. सभागृहाचं दार उघडलं, समितीची माणसं बाहेर येऊ लागली. तो संकोचून मागे सरकला.

तिने त्याचा हात धरला आणि त्या सगळ्यांच्या समोरून, मुळीच घाई न करता, त्याला घेऊन चालू लागली.

"हो," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.