शंकासुर आणि दुसरा पंख

तो टेहळणीच्या मनोऱ्याची शिडी चढून वर आला तेव्हा मला वाटलं, मोडका कठडा दुरुस्त करायला सुतार आला. काखेत प्लायवुडचे तीन काळे त्रिकोण, कानावर पेन्सिल... आणि डोळे मात्र उगाचच हसरे.

"कठडा त्या बाजूला आहे," मी म्हटलं.

"आणि शार्क कुठल्या बाजूला होता?"

म्हणजे हाच तो! किनाऱ्यावर कुणी मोठा शार्क दिसल्याचं कळवलं की मत्स्यविभाग याला धाडतो. बहुतेक वेळा निघतो एखादा ओंडका, नाहीतर डॉल्फिन. एकदा तर उलटी तरंगणारी खुर्ची निघाली होती. होडीवाले त्याला शंकासुर म्हणायचे आणि तो होताच तसा. पंख किती लांब होता, ऊन कुठून होतं, मी दुर्बीण कधी उचलली... माझ्या प्रत्येक उत्तरावर त्याचं एकच पालुपद, "खात्री आहे?"

मी इथली जीवरक्षक. परवा सकाळी पाण्यावर तो काळा त्रिकोणी पंख सरकताना पाहिला आणि लाल बावटा चढवला. तेव्हापासून पोहणं बंद. माझी ताई इथेच लहान मुलांना पोहायला शिकवते. तिचा वर्ग बंद, म्हणून तिचं माझ्याशी बोलणंही बंद. होडीवाले तर मला बघितलं की, आज काय, देवमासा का, असं विचारायचे. चेष्टेचं मला काही नव्हतं. पण बावटा ठेवायचा की उतरवायचा, ते आता या माणसाच्या शब्दावर होतं. उतरला, तर उद्या ताईची पोरं पाण्यात.

त्याची तपासणीची रीतही जगावेगळी. लहान, मधला, मोठा असे ते प्लायवुडचे पंख एकेक करून फळीवर बसवायचे आणि मी दाखवलेल्या जागी ती फळी ढकलत पोहायचं. मी परवाच्याच जागी उभं राहून सांगायचं, पंख एवढा होता की नाही. त्याला नेणारी बोट मुद्दाम लांब थांबवायची. ती शेजारी असली की डोळा तिच्याशी तुलना करतो आणि फसतो, म्हणे.

"आणि तिथे खरंच शार्क असला तर?" मी विचारलं.

"तर मी हरलो, तुम्ही जिंकलात." एक वॉकी-टॉकी फळीला बांधून दुसरा माझ्या हातात देताना बोटं जरा जास्तच रेंगाळली. त्याची की माझी, कोण जाणे. राग यायला हवा होता... आला नाही.

लहान पंख पाण्यावर आला. मी नाही म्हटलं.

"खात्री आहे?"

मग मधला. तोही नाही.

"खात्री आहे?"

"घरीही सगळ्यांना असंच छळता का?"

"घरी उत्तर द्यायला कुणी नाही," वॉकी-टॉकी खरखरला. मी उगाचच दुर्बीण पुसली.

मग मोठा पंख आला. हाच. एवढाच. सांगायला मी तोंड उघडलं आणि दुर्बिणीत दिसलं – पंख दोन होते. एक फळीवरचा. दुसरा त्याच्या पायांमागे, शांतपणे वळण घेणारा.

ऊन पाण्यावर नाचत होतं. सावली असेल? माझं चुकलं तर हा मला कायमची वेडी ठरवेल, बावटा उतरेल... पण गप्प राहणं मला शक्यच नव्हतं.

"तुझ्या मागे आहे. फळी सोड. बोटीकडे ये."

वॉकी-टॉकी गप्प. आता तो विचारणार, खात्री आहे का. वळून बघणार. तेवढा वेळ नाहीये रे... मी जीव खाऊन शिट्टी फुंकली. बोट वळली. आणि तो? त्यानं फळी सोडली होती आणि सरळ बोटीकडे हात मारत सुटला होता. ना प्रश्न, ना मागे नजर. नावाड्यानं त्याला दंडाला धरून वर ओढलं, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. तोवर तो दुसरा पंख बुडाला होता. फळी मात्र उलटी पडलेली. लाटेनं पडली असेल, असं नावाड्याचं म्हणणं.

मी किनाऱ्यावर धावत गेले. ताई आधीच पोहोचली होती. तिनं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि बाजूला गेली.

त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "मी काही पाहिलं नाही. नावाड्यानंही नाही. अहवालात 'संदिग्ध' असंच लिहावं लागेल मला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे तुम्हाला अजूनही शंका आहे."

"शंका असती तर वळून बघितलं असतं."

मी त्याच्या खांद्यावरून घसरलेला टॉवेल वर ओढला.

"बावटा राहील," तो म्हणाला. "पण माझं काहीतरी बिघडलंय. मी फोनवर सख्ख्या आईलाही तीनदा विचारतो. आज तुझा आवाज ऐकला आणि... विचारायचं सुचलंच नाही. शार्कपेक्षा मला त्याचीच भीती वाटतेय. मला तू फार आवडायला लागली आहेस."

समोर पाणी कसं अगदी निरागस पसरलं होतं. मी त्याच्या कानावरची पेन्सिल शोधली. ती समुद्रानं नेली होती. मग तिथली ओली बटच मागे सारली.

"खात्री आहे?" मी विचारलं.

"आहे."

मी आणखी दोनदा विचारलं.