खडूने आखलेली जागा

बॅग भरून झाली का, छकुली? मग बस इथं. गच्चीवरचा दिवा बंद करा रे कोणीतरी, किडे येतात. उद्या तू नागपूरला निघालीस, दोन महिने संग्रहालयात इंटर्नशिप करणार, चांगलं आहे. पण जाण्याआधी माझ्या एका विद्यार्थिनीचं ऐकून जा. सारिका तिचं नाव. इथं सोनाळ्याच्या शाळेत मीच तिला चित्रकला शिकवली. उडतउडत कानावर आलेलं सांगत नाही. अर्धं तिच्या तोंडून ऐकलंय, अर्धं या डोळ्यांनी पाहिलंय.

२२ मे २०२४, बुधवार. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी पाचच्या सुमारास सारिका बुलढाण्याच्या बाजारात फिनाईल आणि खडूचा डबा आणायला निघाली. अमरावतीहून चित्रकलेची पदवी घेतलेली पोर, पण इंटर्न म्हटलं की फिनाईलही तिनंच आणायचं. किसनराव मास्तर नावाचे जुने चित्रकार होते, त्यांच्यामागे त्यांच्या घराचं कलासंग्रहालय झालं होतं. तिथं दोन महिने ती एकटी राबत होती. प्रत्येक चित्र भिंतीवरून उतरवायचं, पुढून-मागून फोटो काढायचा, कुठं रंग उडालाय ते लिहून ठेवायचं. झोपायला मागची खोली.

तिचं घरचं सांगतो. आई लहानपणीच गेली, वडील ती कॉलेजात असताना. उरले भाऊ-वहिनी. वाईट नव्हते बिचारे, पण पोरगी जेवली का हे विचारायची त्या घरात कुणाला सवय नव्हती. दोन महिन्यांत घरून तीन फोन आले, त्यातला एक चुकून लागलेला.

संग्रहालय सांभाळणाऱ्या सुचिता मॅडमनी तिला शब्द दिला होता. उद्या संग्रहालय पाहायला पाहुणे येतील, सगळं नीट पार पडलं तर तुला वर्षभर इथंच ठेवून घेऊ. पगार काही डोळे दिपवणारा नव्हता. पण तिथला चौकीदार संघपाल रोज सकाळी विचारायचा, चहा घेतला का म्हणून. तेवढ्यावर ती पोर तिथं वर्ष काढायला तयार होती. हसू नका, एकट्या माणसाला तेवढं पुरतं.

आता त्या खडूचं. मास्तरांच्या चित्रं काढायच्या खोलीत एक स्टूल होतं, आणि स्टुलासमोर फरशीवर खडूने आखलेले दोन पाय. समोर बसवलेलं माणूस मधेच उठलं, तर परत बरोबर त्याच जागी बसावं म्हणून चित्रकार अशी खूण करून ठेवतात. मी वर्गात करायचो, तुम्हाला आठवत असेल.

ती खूण मंजुळाबाईच्या पायांची. बाई मास्तरांकडे भांडी घासायची. १९८७ साली मास्तरांनी तिला चित्रासाठी बसवलं. चेहरा झाला, हात झाले, लुगडं झालं. पाय राहिले होते, तेवढ्यात पांढरा रंग संपला. "हालू नका, मंजुळाबाई, मी आलोच," म्हणून मास्तर दुकानाकडे निघाले आणि बसस्टँडजवळ कोसळले ते कायमचेच. त्या धांदलीत बाईला सांगायला कोण जाणार? ती रात्रीपर्यंत तशीच बसून होती. कोणीतरी हाताला धरून उठवलं, घरी नेलं. पण पुढं दोन वर्षांनी मरेपर्यंत एकच म्हणायची, "मास्तरनं मले ऊठ नाई म्हटलं."

पाय नसलेलं ते चित्र तसंच भिंतीवर राहिलं. खाली खडूची खूण. दर आठवड्याला संघपाल त्याच रेघेवरून खडू फिरवायचा. त्याच्या आधीचा चौकीदारही तेच करायचा. रेघेवर रेघ, सदतीस वर्षं, इतकी जाड की बोटं वेगळी ओळखू येईनात.

आणि त्या संध्याकाळी सारिकानं ती पुसली.

मुद्दाम नाही हो. खोल्या पुसत पुसत आली, अंधारून आलं होतं, हात चालत होते, डोकं उद्याच्या पाहुण्यांत. पोछा फिरला. पाहते तर फरशी लख्ख. शेकड्यांनी वस्तूंचे फोटो काढले होते तिनं, नेमका हा कोपरा शेवटी काढू म्हणून ठेवला होता. संघपालला विचारावं, तर तो बुद्धपौर्णिमेच्या तयारीला देऊळघाटला गेलेला, पहाटे येणार. आणि मॅडमना सांगावं, तर वर्षभराची नोकरी गेली.

तिनं ठरवलं, अंदाजानं काढून टाकू. पाहुण्यांना काय कळतंय?

जेवण गेलं नाही. रात्री पावणेबाराला खडू घेऊन ती त्या खोलीत गेली. घाटावरची हवा, आपल्यासारखा उकाडा तिथं नसतो, पण त्या खोलीत त्या रात्री जास्तच गार होतं. गुडघ्यावर बसून तिनं एक पाय काढला. मोठा वाटला, पुसला. दुसऱ्यांदा काढला, पुसला. आपलाच पाय ठेवून आखून पाहिला, पण मन मानेना. पुसला.

बारा वाजायला पाच मिनिटं असताना लाईट गेली.

मोबाईल मागच्या खोलीत चार्जिंगला. खिडक्यांना जाड पडदे. बाहेर टिपूर चांदणं असेल, आत डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना. ती जागची हलली नाही. येईल लाईट.

मग पावलं ऐकू आली.

अनवाणी. सावकाश. स्टुलाभोवती... एक फेरी. थांबली. परत एक फेरी. आंधळं माणूस भिंत चाचपतं ना, तशी ती पावलं फरशी चाचपत होती.

"संघपालदादा?" सारिकानं विचारलं.

पावलं थांबली.

...

"जागा सापडून नाई राह्यली वं," बाईमाणसाचा आवाज. अगदी जवळून. थकलेला. रागाचा नाही.

सारिकाचं अंग गार पडलं. पण तिनं मला पुढचं सांगितलं. म्हणाली, सर, भीती होतीच, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. त्या बाईला जगात बसायला तेवढीच जागा होती, आणि ती मी पुसली.

स्टूल करकरलं. कोणीतरी बसलं.

सारिकानं हात पुढं केला. बोटांना पाय लागला... मातीच्या माठासारखा गार. टाचेला भेगा. तिनं खडू टेकवला. अंधारात, नुसत्या हाताच्या अंदाजानं, रेघ ओढत गेली. उजवा पाय. एक, दोन, तीन, चार, पाच. मग डावा. एक. दोन. तीन. चार...

करंगळी नव्हती.

रेघ पुरी झाली. मग वरून आवाज आला.

"झालं काय वं, बाई?"

एवढंच तर म्हणायचं होतं. झालं, उठा. सदतीस वर्षांचं ओझं दोन शब्दांत उतरलं असतं. पण चित्रकलेच्या कॉलेजात चार वर्षं काढलेली पोर, समोर बसलेलं माणूस बोललं की तोंडातून एकच वाक्य निघायची सवय. तेच निघालं.

"हालू नका. मी आलेच."

आणि ती पळाली.

पहाटे साडेपाचला संघपाल आला, तेव्हा ती फाटकाशी गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. दोघं आत गेले. स्टूल जागेवर. फरशी कोरडी, स्वच्छ. एक रेघ नाही. तिनं मॅडमना खरं ते सांगून टाकलं. मॅडमनी ऐकून घेतलं. दुपारी इंटर्नशिपचं सर्टिफिकेट हातात दिलं, आणि वर्षभराचा विषय तिथंच संपला.

यंदाच्या जानेवारीत माझं अमरावतीला काम निघालं. सारिका तिथं एका खाजगी शाळेत चित्रकला शिकवते, एका खोलीत राहते, म्हणून संध्याकाळी भेटायला गेलो. पोर खुश दिसली, मला बरं वाटलं. तिनं चहाचे तीन कप भरले. मला वाटलं, कोणी मैत्रीण असेल. मी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे वळलो, तर शांतपणे म्हणाली, "सर, तिथं नका बसू."

तेव्हा खाली पाहिलं. स्टुलासमोर खडूने आखलेले दोन पाय. डाव्याला चार बोटं. अमरावतीच्या या खोलीवर राहायला आली त्याच रात्री उमटले म्हणे, तिनं काढले नव्हते. हे सगळं तेव्हाच तिनं मला सांगितलं, कॉटवर बसून, चहा निववत.

मी म्हटलं, बाई गं, मग म्हणून टाक ना एकदा, झालं, उठा म्हणून. ती बिचारी सुटेल, तूही सुटशील. सांगून काऊन टाकत नाही?

तिनं मान वळवली. स्टुलाकडे पाहत राहिली.

"सांगतलं तर ते बाई जाईन, सर," ती म्हणाली. "मंग संध्याकाळी घरी आल्यावर मले कोण हाय?"

म्हणून सांगतो, छकुली, तिथं गेल्यावर रोज रात्री घरी फोन लावायचा. आणि तुम्ही बाकीच्यांनी तो उचलायचा.

तर त्या संध्याकाळी माझ्या परतीच्या बसची वेळ झाली होती. मी उठलो, पिशवी घेण्यासाठी वाकलो. वाकलो तेव्हा दिसलं. कॉटवर ती पाय खाली सोडून बसली होती, आणि तिच्या पायांभोवती... खडूची रेघ. पाच बोटं, पाच बोटं. ताजी.

"हे कोणी काढलं, सारिका?"

तिनं खाली पाहिलं. मग माझ्याकडे.

"काय, सर?"

शाळेत होती तेव्हापासूनची तिची सवय, सर निघाले की फाटकापर्यंत सोडायला यायची. मी चपला घातल्या. दारात थांबलो. थोडा वेळ वाट पाहिली.

ती उठली नाही.