वरचा एक दिवस

खोटं बोलून आता मला काय मिळायचंय? दात गेले, भाऊ गेला. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, पण मी सांगते ते घडलेलं आहे. तेही दिवसाढवळ्या.

आमचं घर बेटाच्या टोकाला. ओहोटी लागली की समोरच्या किनाऱ्यापर्यंत वाळूची वाट उघडी पडते. त्या वाटेनं माझी भावजय आली, आणि त्याच वाटेनं गेली.

फिनोला तिचं नाव. समोरच्या किनाऱ्यावरची. तिच्या लोकांनी आमचा थोरला, युअन, कापला होता. मग दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी ठरवलं, पुरे झालं, सोयरीक करा. बळी कोण? माझा धाकटा भाऊ, तॉर्किल.

"ताई, ज्यांनी दादाला मारलं त्यांची पोरगी मी घरात आणू?" तो म्हणाला.

"आण," मी म्हटलं. "वर्षभर सांभाळ, मग दे परत धाडून."

आमच्याकडे तशी रीत आहे. नवरानवरीचे हात लोकरीच्या दोरीनं बांधायचे. एक वर्ष आणि वर एक दिवस एकत्र राहायचं. वर्ष कुळाचं, वरचा दिवस त्या दोघांचा. त्या दिवशी खरं बोलायचं, राहायचं की जायचं. कोणी मधे पडायचं नाही.

कापणीच्या सणाला, तिन्हीसांजेला हात बांधले. तॉर्किलनं तिची दोनच बोटं धरली होती. तिनंही तेवढीच दिली.

पहिला महिना ती उशाला सुरी घेऊन झोपली. विचारलं तेवढंच बोलायची. मी तिला वहिनी म्हटलं नाही. पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहत होते तिला.

पण तॉर्किल निवळला. हेरिंग मासे आणले की चांगले वेचून तिच्यापुढे ठेवायचा. त्याला ओटची भाकरी कडेनं करपलेली आवडायची. ती मुद्दाम एक करपवायची, आणि चुकून झाली म्हणायची. माझा जीव जळायचा.

एकदा त्यानं विचारलं, "राहशील ना?"

"वरच्या दिवशी सांगेन," ती म्हणाली. "बांधलेली असताना हो म्हटलं तर तुम्हाला खरं वाटेल का?"

तो हसला. युअन गेल्यापासून पहिल्यांदा.

पुढच्या कापणीच्या सणाला तिचा चुलतभाऊ जेवायला आला. त्याच्या खांद्यावर चांदीची पिन होती. युअनची.

तॉर्किलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मारामारी लोकांनी आवरली. सकाळी त्यानं फिनोलाचं गाठोडं दाराबाहेर टाकलं.

"निघ. मुदत काल संपली."

"आज वरचा दिवस आहे," ती शांतपणे म्हणाली. "हात बांधले तेव्हा सूर्य मावळला होता."

आमच्यात सूर्य मावळला की नवा दिवस लागतो. म्हणजे तिचं खरं असेल तर आजचा दिवस अजून बाकी होता. पण हात बांधले तेव्हा सगळे घरात होते. दाराबाहेर, गुरं वळवत, मी एकटी.

तॉर्किल माझ्याकडे वळला. त्याचा आवाज मऊ पडला होता. "ताई, मावळला होता का गं?"

त्याला तिला थांबवून घ्यायचं होतं. मला दिसत होतं ते.

"नाही," मी म्हटलं. "चांगला हातभर वर होता."

जिभेला हाड नसतं.

फिनोलानं माझ्याकडे एकदा पाहिलं, गाठोडं उचललं आणि वाळूत उतरली. थोड्या वेळानं धुकं आलं. मग भरती. तॉर्किल कमरेएवढ्या पाण्यात शिरून हाका मारत होता. सापडली ती फक्त लोकरीची दोरी.

पुढच्या वर्षी, सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी चुलीपाशी गेले...

रात्री राखेखाली झाकलेला विस्तव कोणीतरी उकरून ठेवला होता.

तव्यावर एक भाकरी होती. कडेनं करपलेली.

दारापासून चुलीपर्यंत ओली पावलं. पाणी खारट होतं. परत जाणारी पावलं नव्हती.

तॉर्किल दिवसभर रिकाम्या स्टुलासमोर बसून राहिला. "सांग ना," म्हणायचा. "आज सांगणार होतीस ना?"

सूर्य मावळला, आणि भाकरी थंड पडली.

अशी सतरा वर्षं. दुसरी बायको त्यानं केली नाही. दर वर्षी तो मला एकदा विचारायचा, "ताई, नक्की वर होता ना सूर्य?" आणि मी दर वर्षी हो म्हणायचे. एकदा खोटं बोललं की ते सांभाळावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. वाटलं, आता कशाला येईल ती?

सणाच्या दुसऱ्या दिवशी मी उजाडताच उठले. विस्तव झाकलेलाच होता. तवा रिकामा. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

तेवढ्यात पाठीमागून...

"वन्सं."

तिनं जिवंतपणी मला अशी हाक कधी मारली नव्हती. मी वळले नाही. माझी छाती झाली नाही.

"वन्सं, किती दिवस राहिलेत?"

पायाला गार पाणी लागलं. आणि इतकी वर्षं जे गिळलं होतं ते आपोआप बाहेर आलं.

"एक. एक दिवस राहिलाय, वहिनी. सूर्य मावळला होता. मी पाहिलं होतं."

समुद्राचासुद्धा आवाज येईना.

मग आतल्या खोलीतून... जिथं तॉर्किलची बाज अजून तशीच आहे...

"ताई, मग तेव्हा का नाही बोललीस?"

मी पळाले. दिवसभर गुरांत बसून राहिले. सूर्य मावळल्यावर घरात आले तर तव्यावर भाकरी होती. करपलेली. अर्धी कोणीतरी खाल्लेली.

फिनोला त्याला काय म्हणाली, मला माहीत नाही. राहते म्हणाली की जाते म्हणाली, कुणास ठाऊक. मधे पडायचा हक्क मला नाहीच.

पण आता चूल रोज उकरलेली असते. आणि मला कोणी हाक मारत नाही.